मनगटाला झोपेतलं काय कळतं?

रात्रभर मनगटावर राहिलेलं घड्याळ सकाळी झोपेचा हिशेब पुढे करतं. एकूण झोप ६ तास ४२ मिनिटं, त्यातली गाढ झोप ५८ मिनिटं, 'रेम' झोप १ तास २१ मिनिटं, मध्ये चार वेळा जाग, आणि या सगळ्याचा मिळून शंभरपैकी एक 'स्लीप स्कोअर'. भारतात २०२३ या एका वर्षात अंगावर वापरायची १३ कोटींहून अधिक डिजिटल उपकरणं बाजारात उतरली. त्यांत मोठा वाटा इअरबड्सचा असला, तरी स्मार्टवॉचची संख्याच पाच कोटींच्या पुढे होती. दीड-दोन हजारांचं घड्याळ असो की तीस हजारांची अंगठी, झोपेचा आलेख जवळपास प्रत्येकात असतो. ज्या मोजणीसाठी एके काळी दवाखान्यात रात्र काढावी लागे, ती घरोघरी पोचली आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवून माणसं आपला दिवस चांगला जाणार की वाईट हे ठरवू लागली आहेत. म्हणूनच या आकड्यांमागे काय आहे, हे नीट तपासायला हवं. हाती असलेला पुरावा पाहता निष्कर्ष असा निघतो: माणूस कधी झोपला आणि कधी उठला, हे मनगटावरचं यंत्र बऱ्यापैकी सांगतं, झोप कोणत्या प्रतीची होती, हे त्याला फारसं सांगता येत नाही. या दोन गोष्टींत गल्लत केली की उपकरण अपायकारक ठरतं, आणि भेद पाळला की ते खरोखर उपयोगी पडतं.

झोप मोजायची म्हणजे काय मोजायचं, याचं शास्त्रीय उत्तर शंभर वर्षांत घडत गेलं. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतले विद्युतप्रवाह पहिल्यांदा कवटीवरून टिपले आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक काळाने डोळे पापण्यांआड वेगाने हलू लागतात; हीच ती 'रेम' अवस्था, ज्यात स्वप्नं अधिक पडतात. १९६८ मध्ये रेख्टशाफेन आणि केल्स यांनी संपादित केलेल्या नियमपुस्तिकेने झोपेच्या अवस्था ओळखण्याची पद्धत पक्की केली. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २००७ मध्ये ती सुधारली. तिच्यानुसार झोपेच्या तीन अवस्था आणि चौथी रेम. आजही प्रयोगशाळेत रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकाला एक अवस्था दिली जाते. तीस सेकंद का, तर जुन्या यंत्रातून सेकंदाला दहा मिलिमीटर वेगाने कागद सरकायचा आणि तीस सेंटिमीटरच्या एका पानावर तेवढाच काळ मावायचा. मुद्दा असा, की अवस्थांची व्याख्या मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीखालच्या स्नायूंचा ताण या तिन्हींवर उभी आहे. गाढ झोप म्हणजे मेंदूतल्या मंद, उंच लहरी. त्या दिसल्या तरच ती गाढ झोप.

मनगटाला यांतलं काहीच दिसत नाही. तिथे मुख्यतः दोन संवेदक असतात. पहिला हालचाल टिपणारा अ‍ॅक्सिलरोमीटर. हात स्थिर म्हणजे माणूस झोपलेला, या साध्या गृहीतकावर संशोधक कित्येक दशकं काम करत आले आहेत. कोल आणि क्रिपके यांनी १९९२ मध्ये मांडलेलं सूत्र एका मिनिटाच्या हालचालीला मागच्यापुढच्या मिनिटांची जोड देऊन माणूस झोपेत होता की जागा, हे ठरवतं. दुसरा संवेदक घड्याळाच्या पाठीला लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याचा. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतलं रक्त वाढतं, मग ओसरतं. त्यानुसार परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. गाढ झोपेत नाडी मंद आणि एकसारखी चालते, रेममध्ये ती अनियमित होते, हे खरं आहे. त्यामुळे हालचाल आणि नाडी एकत्र करून, प्रयोगशाळेत नोंदवलेल्या हजारो रात्रींवर अल्गोरिदम शिकवून, मेंदू कोणत्या अवस्थेत असेल याचा अंदाज बांधता येतो. हे कसबाचं काम आहे. त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. पडद्यावर मात्र 'गाढ झोप ५८ मिनिटं' असं लिहून येतं तेव्हा अंदाजाची कुठलीही खूण उरलेली नसते.

हा अंदाज किती बरोबर असतो? इथे एक आकडेमोडीचा चकवा समजून घ्यायला हवा. समजा, एक निरोगी माणूस ८ तास, म्हणजे ४८० मिनिटं अंथरुणावर होता. त्यातली ४२० मिनिटं तो झोपला आणि ६० मिनिटं जागा होता. आता काहीही न मोजता प्रत्येक मिनिटावर 'झोपलेला' असाच शिक्का मारणारं यंत्र घेतलं, तरी ते साडेसत्त्याऐंशी टक्के बरोबर ठरेल! म्हणून 'एकूण इतके टक्के अचूक' या दाव्याला फारसा अर्थ नाही. विचारायचे प्रश्न दोन: झोपेची मिनिटं यंत्र किती ओळखतं, आणि जागेपणाची किती? फिटबिट चार्ज २ या बँडची प्रयोगशाळेतल्या नोंदींशी तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोप ९६ टक्के ओळखली गेली, जागेपण मात्र ६१ टक्केच. हे प्रमाण आपल्या निरोगी माणसाला लावू. ४२० पैकी ४०३ मिनिटं झोप म्हणून बरोबर नोंदली जातील. जागेपणाच्या ६० पैकी सुमारे २३ मिनिटंही झोपेतच धरली जातील. बेरीज ४२६. खऱ्या आकड्याहून फक्त सहा मिनिटांचा फरक. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि यंत्र अगदी अचूक वाटतं.

आता हेच प्रमाण निद्रानाशाने ग्रासलेल्या माणसाला लावून पाहा. तोही ८ तास अंथरुणावर आहे, पण झोपला फक्त ३०० मिनिटं. उरलेली १८० मिनिटं कूस बदलत किंवा निपचित पडून छताकडे बघत गेली. यंत्र त्याच्या झोपेतली २८८ मिनिटं ओळखेल आणि जागेपणातली ७० मिनिटं झोपेत घालेल. बेरीज ३५८, खऱ्यापेक्षा जवळपास एक तास जास्त. म्हणजे ज्याला झोपेची तक्रारच नाही त्याच्याबाबतीत यंत्र खरं ठरतं, आणि ज्याला खऱ्या मोजणीची गरज आहे त्याच्याबाबतीत ते चुकतं. ही त्रुटी एका कंपनीची नाही. सॅन डिएगो इथल्या नेव्हल हेल्थ रिसर्च सेंटरमधल्या संशोधकांनी ग्राहकांना बाजारात मिळणारी सात उपकरणं एकत्र तपासली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. सातही उपकरणांनी झोप ९३ टक्के किंवा त्याहून अधिक ओळखली, पण जागेपण ओळखण्याचं प्रमाण उपकरणानुसार १८ ते ५४ टक्के एवढंच होतं. ती चाचणीदेखील तरुण आणि निरोगी माणसांवर झाली होती. त्यात दिलासा देणारी बाब एवढीच, की संशोधनात वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅक्टिग्राफ नावाच्या मनगटी यंत्रापेक्षा यांतली बहुतेक उपकरणं वाईट ठरली नाहीत.

अवस्थांकडे वळलं की जमीन आणखी भुसभुशीत होते. २०१८ च्या त्याच अभ्यासात हलकी झोप ओळखण्याची अचूकता ८१ टक्के, रेमची ७४ टक्के आणि गाढ झोपेची ४९ टक्के होती. लोक ज्या आकड्यावर सर्वांत जास्त जीव लावून बसतात, तोच सर्वांत डळमळीत आहे. त्यात वयाचा मुद्दा आहे: विशीच्या तुलनेत साठीत गाढ झोपेचा वाटा स्वाभाविकपणे घटतो. तो घटलेला आकडा पाहून साठीतल्या माणसाने काळजी करावी, असं त्यात काही नसतं. यावर जाणकार म्हणतील, की प्रयोगशाळा तरी कुठे निर्दोष आहे? आक्षेप रास्त आहे. एकाच नोंदीला दोन प्रशिक्षित तज्ज्ञांनी अवस्था दिल्या, तर त्यांचं एकमत साधारण ८२ टक्के तुकड्यांवर होतं. शिवाय डोक्याला तारा लावून परक्या खोलीत झोपलेल्या माणसाची पहिली रात्र नेहमीसारखी नसते, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उपकरणाच्या बाजूचा नाही. मेंदूच्या लहरी डोळ्यांसमोर असताना तज्ज्ञांमध्ये इतका मतभेद राहत असेल, तर त्या लहरी न पाहता मिनिटामिनिटाचा निर्वाळा देणाऱ्या पडद्याने अधिकच सावध राहायला हवं.

दुसरा आक्षेप असा, की तंत्रज्ञान सुधारतं आहे. आजचा दोष पाच वर्षांनी राहणार नाही. सुधारणा होते आहे, यात शंका नाही. नुसती हालचाल टिपणाऱ्या पट्ट्यांपेक्षा नाडी मोजणारी घड्याळं सरस आहेत, आणि मोठ्या माहितीसाठ्यावर शिकलेले अल्गोरिदम जुन्यांपेक्षा चांगले आहेत. पण इथली मर्यादा गणिताची नाही, जागेची आहे. मनगटाची नाडी झोपेच्या अवस्थेखेरीज आणखी कितीतरी गोष्टींनी बदलते: रात्री घेतलेली दारू, उशिराचं जेवण, ताप, उकाडा, गरोदरपण, मासिक पाळीचे दिवस, रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकरसारख्या गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांचा अनियमितपणा. ज्याला साठीनंतरचा मधुमेह, रक्तदाब आणि गोळ्यांचा डबा आहे, त्याचं शरीर अल्गोरिदमला शिकवण्यासाठी वापरलेल्या तरुण स्वयंसेवकासारखं वागत नाही. अल्गोरिदम कितीही हुशार झाला, तरी त्याला न मिळालेली माहिती तो निर्माण करू शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एका रात्रीचा आकडा चुकीचा असेल, पण महिनाभराचा कल तर कळतो ना? चूक दररोज सारखीच होत असेल, तर चढउतार खरेच असणार. हे तत्त्व योग्य आहे, फक्त त्याची अट महत्त्वाची आहे: चूक सारखी राहायला हवी. अवस्थांच्या बाबतीत ती राहत नाही, कारण वर सांगितलेली कारणं रात्रीगणिक बदलतात. शिवाय कंपन्या सॉफ्टवेअर अद्ययावत करतात तेव्हा हिशेबाची रीतच बदलू शकते आणि अंथरुणावरचा माणूस तोच असताना गाढ झोप वाढते किंवा घटते. अल्गोरिदम गुप्त असल्यामुळे बदल शरीरात झाला की सॉफ्टवेअरमध्ये, हे ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. झोपेच्या वेळांबाबत मात्र ही अट बऱ्याच अंशी पाळली जाते. मंगळवारी साडेअकराला आणि शनिवारी दीडला हालचाल थांबली, हे ओळखायला मेंदूच्या लहरी लागत नाहीत. पुस्तक वाचत किंवा दूरचित्रवाणी बघत निश्चल पडलेला माणूस यंत्राला झोपलेला वाटू शकतो, तरीही आठवड्या-पंधरवड्याच्या नोंदीत झोपण्या-उठण्याचा ताल स्पष्ट उमटतो. कलाचा आक्षेप इथे पूर्ण मान्य करायला हवा, कारण उपकरणाची खरी ताकद नेमकी इथे आहे.

आणि हा ताल दुय्यम नाही. प्रौढांनी सात तास किंवा अधिक झोपावं, हे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांनी एकमताने सांगितलं. तेव्हापासून चर्चा तासांभोवती फिरत राहिली. पण यूके बायोबँक प्रकल्पातल्या सुमारे ६१ हजार लोकांनी आठवडाभर मनगटावर वागवलेल्या यंत्रांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात असं आढळलं, की पुढच्या वर्षांतल्या मृत्यूच्या धोक्याचा अंदाज झोपेच्या तासांपेक्षा झोपेच्या नियमितपणावरून अधिक चांगला बांधता येतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या 'ऑल ऑफ अस' प्रकल्पातल्या ६,७८५ जणांच्या स्वतःच्या फिटबिटच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. झोपेची अनियमितता आणि लठ्ठपणा, उच्च रक्तदाब, नैराश्य यांचं नातं तिथेही दिसलं. हे संबंध आहेत, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. आजारी माणसाची झोपही विस्कळीत होतेच. तरीही एक गोष्ट ठळक होते. आरोग्याच्या दृष्टीने जी माहिती मोलाची ठरते आहे, तीच मनगटाला विश्वासाने टिपता येते. आणि पडद्यावर तीच सहसा आत कुठेतरी दडलेली असते. दर्शनी भागात विराजमान असतो तो स्कोअर.

हा स्कोअर निरुपद्रवी असता, तर त्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाता आलं असतं. पण झोपेबद्दल माणसाला जे सांगितलं जातं, त्याने त्याचा दिवस बदलतो, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांना यंत्राच्या आधारे सांगण्यात आलं, की काल रात्री तुमची रेम झोप सरासरीपेक्षा अधिक होती, किंवा कमी होती. आकडे बनावट होते. ज्यांना झोप कमी प्रतीची झाल्याचं सांगितलं, ते एकाग्रतेच्या चाचणीत मागे पडले. ज्यांना उत्तम झाल्याचं सांगितलं, त्यांची कामगिरी सरस ठरली. स्वतःची झोप कशी झाली असं त्यांना वाटत होतं, त्याचा असा परिणाम दिसला नाही. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निद्रानाशाच्या रुग्णांना मनगटी यंत्र देऊन त्यावरून खोटे निष्कर्ष कळवले. झोप वाईट झाल्याचं ज्यांना सांगितलं, त्यांनी दिवसभर अधिक थकवा, अधिक पेंग आणि उतरलेली मनःस्थिती नोंदवली. सकाळी डोळे उघडताच बघितलेला एक डळमळीत आकडा दिवसाचा थकवा अशा प्रकारे स्वतःच घडवू शकतो.

याचं टोक शिकागोतल्या डॉक्टरांना रुग्णांमध्ये दिसलं. केली बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तीन रुग्णांची हकिगत मांडली आणि या अवस्थेला 'ऑर्थोसोम्निया' असं नाव सुचवलं: उपकरणावरचे आकडे परिपूर्ण करण्याच्या ध्यासापायी झोपच बिघडणं. हे रुग्ण आकडा वाढावा म्हणून अंथरुणावर अधिक वेळ काढत होते. एका रुग्णाची झोप प्रयोगशाळेत गाढ असल्याचं दिसलं, तरी तिचा विश्वास प्रयोगशाळेपेक्षा आपल्या पट्टीवर अधिक होता. यातला धोका निद्रानाशाच्या उपचारांशी ताडून पाहिला की लक्षात येतो. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून औषधापेक्षा वर्तनोपचार वापरावेत, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. या उपचारांचे आधारखांब असे: झोप येत नसेल तर अंथरुणातून उठा, अंथरुणावरचा एकूण वेळ कमी करा, रात्री घड्याळ बघू नका, आणि झोपण्यासाठी धडपडू नका. स्कोअर वाढवण्याचा प्रयत्न या चारही गोष्टींच्या उलट दिशेने नेतो. झोप ही प्रयत्नाने साध्य होणारी गोष्ट नाही. प्रयत्न वाढला की ती दूर जाते. चालण्याची पावलं मोजून माणूस आणखी हजार पावलं चालू शकतो, पण गाढ झोपेची वीस मिनिटं ठरवून वाढवू शकत नाही. पावलांसाठी योग्य असलेली मोजमापाची पद्धत झोपेवर तशीच बसवली, ही या उपकरणांच्या रचनेतली मूळ चूक आहे.

यावर म्हणता येईल, की असे रुग्ण मूठभर; बाकीच्यांना फायदाच होतो. फायद्याचा पुरावा आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. २०२० मध्ये निरोगी माणसांवर झालेल्या एका छोट्या यादृच्छिक चाचणीत उपकरण वापरणाऱ्यांना आपली झोप सुधारल्यासारखी वाटली. रात्री एकपर्यंत मोबाइल बघणाऱ्या माणसाला सलग पंधरा दिवसांची नोंद दाखवली आणि त्याने दिवे लवकर मालवले, तर ते यशच आहे. पण अशा माणसाचा फायदा कुठून आला ते पाहा: तो वेळांच्या नोंदीतून आला, गाढ झोपेच्या मिनिटांतून किंवा गुणांतून नाही. गुण काढून टाकले तरी हा लाभ तसाच राहतो आणि अपाय मात्र घटतो. जिची झोप चांगली आहे अशा व्यक्तीला गुणांची गरज नसते, आणि जिची वाईट आहे तिला ते आणखी खचवतात.

एका प्रश्नाबाबत मात्र मनगटावरच्या यंत्राचं मोकळेपणाने स्वागत करायला हवं. झोपेत श्वासमार्ग पुन्हापुन्हा बंद होणं, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हा आपल्याकडे फार दुर्लक्षित आजार आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या पुरुषांचा अभ्यास होता. झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण त्यांच्यात १९.५ टक्के आणि दिवसा पेंगण्यासह पूर्ण आजाराचं प्रमाण ७.५ टक्के आढळलं. घोरणं म्हणजे गाढ झोपेची खूण, असं मानणाऱ्या समाजात हा आकडा गंभीर आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सॅमसंग आणि अ‍ॅपल यांच्या अ‍ॅप्नियाची शक्यता कळवणाऱ्या सुविधांना मान्यता दिली. ही सुविधा रोज गुण देत नाही; एकाहून अधिक रात्रींच्या नोंदींवरून 'तपासणी करून घ्या' एवढंच सांगते. तरीही तिची मर्यादा ध्यानात ठेवावी. अ‍ॅपलच्या चाचणीत मध्यम ते तीव्र आजार असलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक ओळखले गेले. इशारा आला तर डॉक्टरांकडे जावं. तो आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्याबाबत आणखी काळजी हवी. बोटाला लावायचे रुग्णालयातले ऑक्सिमीटरसुद्धा गडद त्वचेच्या रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता अधिक वेळा चुकवतात, असं २०२० मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून दिसलं. भारतात विकल्या जाणाऱ्या घड्याळांची भारतीय त्वचेवर चाचणी झाली का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

मनगटावरच्या यंत्राचा सर्वांत अर्थपूर्ण वापर पाहायचा, तर चेन्नईकडे बघावं लागतं. तिथल्या अल्पउत्पन्न गटातल्या ४५२ प्रौढांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅक्टिग्राफने दाखवलं, की ही माणसं आठ तास अंथरुणावर असतात, पण झोपतात सरासरी साडेपाच तास; त्यांच्या झोपेचे इतके तुकडे होतात की तिची तुलना झोपेच्या आजारांशी करावी लागली. कारणं आजाराची नव्हती: उकाडा, डास, आवाज, दाटीवाटीचं घर. त्यांतल्या काहींना माहिती, प्रोत्साहन आणि पंखा, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे यांसारखी साधनं दिल्यावर रात्रीची झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली, पण ती अंथरुणावरचा वेळ वाढल्यामुळे. त्यामुळे कामाचा वेग, एकाग्रता किंवा मनःस्वास्थ्य यांत फरक दिसला नाही. उलट कामाच्या जागी मिळालेल्या दुपारच्या अर्ध्या तासाच्या डुलकीने मनःस्वास्थ्य, एकाग्रता आणि कामाचा वेग सुधारला, जरी कामाचे तास थोडे घटले. जिला आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात आणि आळसाच्या खात्यात टाकतात, तिच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. मिनिटांची नुसती संख्या वाढवणं म्हणजे झोप सुधारणं नव्हे, हेही यातून कळलं.

चेन्नईच्या या आकड्यांनी दोष झोपणाऱ्यावर टाकला नाही, परिस्थितीवर ठेवला. हीच दृष्टी महाराष्ट्रात लावायला हवी. चाकणच्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलणारा कामगार, हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेनुसार बैठकांना बसणारी अभियंता, कसाऱ्याहून किंवा विरारहून पहाटेची लोकल पकडणारा कारकून आणि सणासुदीत ध्वनिवर्धकाच्या भिंतीलगत राहणारं कुटुंब यांचा स्कोअर कमी येणारच. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, हा नियम २००० सालापासून आहे. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवलं आणि २०१९ मध्ये ते पुन्हा पक्कं केलं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, चौकशीसाठी माणसाला रात्रभर जागं ठेवणं गैर ठरवताना, झोप ही मूलभूत मानवी गरज असल्याचं स्पष्ट केलं. जिला न्यायालय मूलभूत गरज मानतं, तिचा सगळा भार घड्याळाने एकट्या माणसाच्या शिस्तीवर टाकणं अन्यायाचं आहे.

तेव्हा या उपकरणांकडून काय घ्यावं, हे आता नेमकं सांगता येतं. झोपण्या-उठण्याच्या वेळा आठवड्याच्या हिशेबाने बघाव्यात. त्यांतला दोन-तीन तासांचा हेलकावा कमी करता आला तर करावा. एका रात्रीच्या अवस्थांच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नये. मोठं घोरणं, झोपेत श्वास थांबणं किंवा गाडी चालवताना पेंग येणं ही लक्षणं असतील, तर स्कोअर नव्वद असला तरी डॉक्टरांना भेटावं. निद्रानाशाचा त्रास असलेल्याने रात्री हे यंत्र काढून ठेवावं आणि साध्या कागदावर नोंद करावी. वर्तनोपचारांत तीच पुरेशी असते. कंपन्यांनी स्कोअर मागे घ्यावा, गाढ झोपेच्या आकड्याशेजारी त्याच्या चुकीची मर्यादा छापावी, अल्गोरिदम बदलला की तारखेसह कळवावं आणि भारतीय माणसांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष खुले करावेत. आणि ज्यांच्या हाती पाळ्यांचं वेळापत्रक, ध्वनिवर्धकांचे परवाने आणि लोकलच्या फेऱ्या आहेत, त्यांनी माणसांच्या झोपेच्या वेळांचा पुरावा निर्णयाच्या टेबलावर घ्यावा. झोपेचा आकडा एकेकाच्या मनगटावर दिसतो. तो सुधारण्याची जबाबदारी मात्र कारखान्याची, महापालिकेची आणि शेजाऱ्याचीही आहे. तिचा वाटा त्यांनी उचलल्याशिवाय मनगटावरची मोजणी कितीही अचूक झाली, तरी आपल्या शहरांना पुरेशी झोप मिळणार नाही.